रिकामी बाटली

पिंजरा पंचेचाळीस अंशांत तिरका करून ठेवायचा. एका रात्री खालचा भुसा ओला करायचा, एका रात्री दिवे चालूच ठेवायचे. कधी शेजारी अनोळखी उंदीर आणून सोडायचा. कधी अन्न बंद, कधी पाणी बंद. आणि पाणी बंद केल्यानंतर तहानलेल्या उंदरासमोर रिकामी बाटली लावायची.

डिप्रेशनवरच्या संशोधनात जगभर वापरल्या जाणाऱ्या 'क्रॉनिक माइल्ड स्ट्रेस' या पद्धतीचं वेळापत्रक साधारण असं असतं. हे कित्येक आठवडे चालतं. क्रम सतत बदलत राहतो, कारण उंदराला सवय होता कामा नये. उद्या काय होणार हे न कळणं, हेच यातलं खरं औजार. पुढे ढकललेल्या परीक्षेची तारीख महिनोन्महिने मोबाइलवर रिफ्रेश करत बसलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

१९८०च्या आसपास रिचर्ड कॅट्झ यांनी उंदरांना विजेचे झटके, गार पाणी असे जबर ताण आलटूनपालटून दिले होते. १९८७ साली लंडनमध्ये पॉल विल्नर आणि सहकाऱ्यांनी ते सौम्य केले, आणि मोजमापासाठी एक फार साधी गोष्ट निवडली. पिंजऱ्याला दोन बाटल्या: एकीत साधं पाणी, दुसरीत किंचित साखरेचं. धडधाकट उंदीर साखरेकडे वळतो. आठवडे सरतात तसा ताणातला उंदीर ते पाणी कमी पिऊ लागतो.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी थबकले. आपल्याकडे घरात मयत झालं की म्हणतात, घास गोड लागत नाही. ही म्हण नाही, निदान आहे. आनंद वाटेनासा होणं हे डिप्रेशनचं मुख्य लक्षण, आणि ते या लोकांनी बाटलीवरच्या रेघांनी मोजायचं ठरवलं. कल्पना म्हणून मला ही आजही सुंदर वाटते. पोहायची सक्ती करून उंदीर हातपाय हलवणं कधी थांबवतो ते बघणाऱ्या दुसऱ्या प्रसिद्ध चाचणीपेक्षा तर कितीतरी प्रामाणिक. त्या चाचणीत निपचित तरंगणाऱ्या प्राण्याला 'हताश' म्हटलं गेलं. तो कदाचित फक्त शक्ती वाचवत असेल.

पण गोड पाण्याची गोष्टही तितकी गोड नाही. उपाशी ठेवलेल्या उंदराचं वजन घटतं, आणि लहान शरीर कमी पितं. मग कमी झालं काय, आनंद की भूक? हा आक्षेप १९९५ सालीच घेतला गेला होता. त्यावर उत्तरं आली, वाद झाले. काही प्रयोगशाळांत तर ताणानंतर उंदीर साखरेकडे जास्त वळलेले दिसले. आणि अशा प्रयोगांत वर्षानुवर्षं नर उंदीरच जास्त वापरले गेले. माणसांत मात्र डिप्रेशन बायकांमध्ये जवळपास दुप्पट आढळतं.

माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. हे उंदीर 'डिप्रेस्ड' आहेत असं मानायचा एक मोठा आधार म्हणजे डिप्रेशनच्या गोळ्यांनी ते पुन्हा साखरेकडे वळतात. ट्रायसायक्लिक गोळ्यांना त्यासाठी काही आठवडे लागतात, माणसाला लागतात तसेच. हे जुळणं खरंच लक्षणीय आहे. पण त्या गोळ्या आल्या कुठून? इमिप्रामिनचा गुण रोलांड कून यांना स्वित्झर्लंडमधल्या मनोरुग्णालयात, माणसांवर, दिसला. १९५७ साली त्यांनी तो छापला. त्याच दशकात क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड दिलं तर ते उल्हसित झाले, आणि डॉक्टर चक्रावले. म्हणजे आधी माणूस, मग गोळी, मग उंदीर. गोळीवरून उंदीर खरा ठरवायचा आणि त्याच उंदरावर नवी गोळी पारखायची, तर जुन्या गोळीची भावंडंच सापडत राहणार. पुढे केटामाइननेही याच उंदरांत झटपट परिणाम दाखवला. पण त्याचाही गुण आधी माणसांतच दिसला होता.

आता भाषेकडे. या शोधनिबंधांत कुणीच काही करत नाही. प्राण्यांना 'ठेवण्यात आले', पाणी 'काढून घेण्यात आले'. 'लाठीमार करण्यात आला' वाचत मोठ्या झालेल्या आपल्याला हा प्रयोग नीट ओळखता येतो. शेवटी उंदराला 'सॅक्रिफाइस' करतात. मराठीत त्याला बळी म्हणतात, पण बळी देणारा निदान कुणाला देतोय ते सांगतो. आणि 'माइल्ड' हा शब्द! एकेक ताण सुटा घेतला तर सौम्य, हे कबूल. पण सहा आठवड्यांची बेरीज कोणाच्या मापाने सौम्य?

मी हे तटस्थपणे लिहू शकत नाही. दोन वर्षांपूर्वी सात महिने मी गोळ्या घेतल्या आणि त्या लागू पडल्या. त्या माझ्यापर्यंत येण्याआधी किती पिंजऱ्यांतून गेल्या असतील, हे तेव्हा विचारलं नव्हतं. विचारण्याइतकी शुद्धही नव्हती. त्या काळात मला सगळ्यात जास्त काय होत होतं, तर आपण सगळ्यांना भार झालोय असं वाटायचं. आईने चहा आणून ठेवला तरी अपराधी वाटायचं. उंदराला हे होतं का? कुठल्या बाटलीवर ही रेघ मारायची? या प्रयोगांना ताणाचा अभ्यास म्हणा, मी ऐकेन. ताणाने मेंदूत काय बदलतं हे कळणं मोलाचंच आहे. पण पाटीवर 'डिप्रेशन' लिहिता तेव्हा त्या चहाचा कप तुम्ही हिशेबातून काढून टाकलेला असतो.

माझी एक मैत्रीण फार्माकॉलॉजीत पीएचडी करताना हेच काम करायची. ताणाला रविवारची सुट्टी नसते, म्हणून तीही रविवारी जायची. तिला विचारलं, सगळ्यात नकोसं काय वाटायचं? मला वाटलं, शेवटचा दिवस म्हणेल. ती म्हणाली, "रिकामी बाटली लावणं. ते लगेच येतात गं, धावत."