निर्णय मागे घेतला, पण वर्ष कुठं परत आलं?



‘शालेय शिक्षण : दशा आणि दिशा’ असा विषय संयोजकांनी मला दिलाय. दिशेबद्दल मंत्री आणि सचिव वर्षभर बोलतच असतात, म्हणून मी दशेबद्दल बोलतो. (हशा) एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झालो. नोकरीत असताना शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला वर्तणूक नियम आडवे येतात. आता येत नाहीत. याचा आजच्या विषयाशी संबंध आहे, तिकडं नंतर येतो.

आधी जरा मागचं आठवून बघा. २०२३ साली बालभारतीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं घातली. एका पुस्तकाचे चार भाग झाले, दप्तर हलकं होणार होतं. २०२५ मध्ये ती पानं काढून टाकली. पहिलीपासून हिंदी, हा निर्णय १६ एप्रिल २०२५ चा. १७ जूनला शब्द बदलले, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि समिती बसली. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, हे सप्टेंबर २०२४ मध्ये ठरलं आणि २०२५ मध्ये रद्द झालं. निवृत्त शिक्षकांना तिथं प्राधान्य होतं, म्हणजे मीच पात्र होतो बघा, महिना १५ हजारांवर! (हशा)

गणवेशाचं थोडं सविस्तर सांगतो. पूर्वी एका गणवेशाला ३०० रुपये या हिशेबानं पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडं यायचे. रक्कम अपुरीच, पण शिंपी ओळखीचा, पोर समोर उभं, हाताची लांबी डोळ्यांनी दिसते. मग आलं ‘एक राज्य, एक गणवेश’. कापड खरेदी राज्यपातळीवर, शिलाई बचत गटांकडं. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि पुढं कित्येक महिने ठिकठिकाणी मुलं जुन्याच कपड्यांत होती. जिथं आले तिथं मापाच्या तक्रारी. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समितीकडं दिला. बरं झालं. पण २०२४ साली पहिलीत आलेल्या मुलाचं पहिलीचं वर्ष त्यातच गेलं, त्याला पुन्हा पहिलीत कोण बसवणार?

निर्णय मागे घेतला की आपण टाळ्या वाजवतो, सरकारनं लोकभावना ओळखली म्हणतो. मला या टाळ्यांची भीती वाटते. चूक दुरुस्त करावीच, पण ती कशी झाली हे सांगायचं की नाही? कोरी पानं आधी कुठल्या शाळांत वापरून पाहिली होती? गणवेशाचा प्रयोग आधी एखाद्या तालुक्यात का केला नाही? निर्णय काढताना जेवढा गाजावाजा होतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही तो का फसला यावर बोललं जात नाही. माघार हेच उत्तर समजलं जातं.

आणि माघारही कुठं होते, तर जिथं घोषणा देता येते तिथं. हिंदीच्या प्रश्नावर साहित्यिक आले, पक्ष आले, वाहिन्या आल्या. यावेत, मीही सही केली होती. पण ‘संचमान्यता’ या शब्दाची घोषणा कशी देणार? शब्दच कळत नाही. कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर, हे दरवर्षी पटावरून ठरवतात, ती संचमान्यता. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं तिचे निकष बदलले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी वर्गाला किमान एक शिक्षक आहे. भाषेला एक, गणित-विज्ञानाला एक, सामाजिक शास्त्राला एक. नव्या निकषांत या तीन वर्गांचा मिळून पट वीसच्या आत असेल तर शिक्षक शून्य. एक नाही, शून्य.

शून्य झाल्यावर काय होतं? सहावी-सातवीचे वर्ग कागदावर राहतात. त्यांना शिकवतो तो खालच्या वर्गांचा मास्तर, नाहीतर मुलं पुढच्या गावी जातात. मुलगा जातो. मुलीचं, विशेषतः ओढ्यापलीकडच्या वाडीतल्या मुलीचं, घरात आधी बोलणं होतं आणि मग ठरतं. दाखला शाळेतच असतो, नाव पटावर असतं, मुलगी शेतावर असते. शिक्षक संघटनांनी या निकषांविरुद्ध मोर्चे काढले. त्यावर शहरातला माणूस काय म्हणाला? यांना नोकऱ्या वाचवायच्यात.

आता एक गंमत बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं परिपत्रक काढलं की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळांचे प्रस्ताव पाठवा. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत. अशा शाळा सुमारे १५ हजार. कारण काय, तर छोट्या शाळेत मुलांना मैदान, संगीत, सोबती मिळत नाहीत. मुद्दा खोटा नाही. चार मुलांच्या वर्गात खो-खो होत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण पाचच महिन्यांनी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, त्याच विभागानं आरटीईचे नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के राखीव जागा देण्याची गरज नाही. म्हणजे गरिबाच्या पोराला सांगायचं, तुझी जवळची सरकारी शाळा चांगली आहे, तिथंच जा. आणि वाडीवरच्या पोराला सांगायचं, तुझी जवळची सरकारी शाळा कुचकामी आहे, लांब जा! उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला, म्हणून वाचलो. पण एकाच कार्यालयातली दोन टेबलं एकमेकांशी बोलत नसावीत, की बोलून ठरवलं होतं?

तुम्ही म्हणाल, मंत्री बदला. बदललेच की. २०१४ पासून तावडे, शेलार, वर्षा गायकवाड, केसरकर, भुसे, असे पाच झाले. पक्षही वेगवेगळे. बिघाड मधल्या पायऱ्यांवर आहे. दहा-बारा शाळांमागं एक केंद्रप्रमुख असतो, वर्गात बसून काय चाललंय ते बघणारा. ही पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाकडं प्रभार देतात, आणि तो बिचारा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘तात्काळ, आज चारपर्यंत’ असे निरोप पुढं ढकलत बसतो. वर्गातून वर जातात ते आकडे. जेवलेल्या मुलांची संख्या, आधार जोडल्याची संख्या. ‘साहेब, हे चालणार नाही’ हे वाक्य भरायला लिंकमध्ये रकाना नसतो.

इथं तो वर्तणूक नियमाचा मुद्दा येतो. ज्याला चूक आधी दिसते त्यानं बोलायचं नाही. संघटना बोलते, तर तिच्यावर विश्वास नाही. त्यात आमचाही वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. बदल्या आणि जुनी पेन्शन यांवर आमच्या संघटना जेवढ्या तावातावानं बोलल्या, तेवढ्या तिसरीतल्या मुलाला वाचता का येत नाही यावर बोलल्या नाहीत.

तर मी एक करायचं ठरवलंय. शासन निर्णय निघण्याआधी मंत्रालयात फाइल फिरते, तिच्यावर टिपण्या असतात. कुणी सुचवलं, कुणी हरकत घेतली, खर्च किती धरला. माहिती अधिकारात ती फाइल मागता येते, अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. माझ्याकडं वेळ आहे. मी गणवेशाची फाइल मागणार आहे. संचमान्यतेची कोण घेतंय? इथं वकील बसलेत, पत्रकार बसलेत. हात वर करा, मग प्रश्नोत्तरांकडं वळू.