खपणं आणि विकलं जाणं : डेव्हिड बोवीच्या दोन रेकॉर्डी

रॉकबद्दल बोलायला बसलं की एक वाक्य हटकून कानावर येतं : ‘माणूस प्रयोगशील होता हो, पण शेवटी विकला गेला.’ आता बघा, रेकॉर्ड खपते आणि कलावंत विकला जातो, या दोन गोष्टी आपण सर्रास एक धरतो. आज त्या जरा वेगळ्या करून पाहू.

१९७७ साली बोवीची ‘लो’ आली. ब्रायन ईनो सोबतीला. दुसऱ्या बाजूवर जवळजवळ शब्दच नाहीत. ज्याच्या गळ्यावर लोक पैसे टाकतात, त्यानंच गळा बाजूला ठेवला! आणि सहा वर्षांनी हाच माणूस ‘लेट्स डान्स’ घेऊन आला. ती जगभर तुफान खपली. निर्माता नाइल रॉजर्स यांनी स्वतःच सांगितलंय, की बोवीला हिट गाणी हवी होती.

म्हणजे गुन्हा कबूल? थांबा. डिस्कोविरुद्ध अमेरिकेत लाट उठून गेली होती, रॉजर्स यांच्या ‘शिक’ बँडच्या रेकॉर्डी खपेनाशा झाल्या होत्या. अशा माणसाकडे बोवी गेला. स्वतः एकही वाद्य वाजवलं नाही. नाचाच्या ठेक्यावर टेक्ससचा ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन आणून बसवला, ज्याची स्वतःची रेकॉर्डही तोवर बाजारात नव्हती. हे जुळेल याची खात्री कुणी दिली होती? रेकॉर्डची दुसरी बाजू पहिलीपेक्षा कच्ची आहे, हे मी मान्य करतो. पण कच्चेपणा वेगळा, तडजोड वेगळी.

तडजोड मला ऐकू येते ती पुढच्या वर्षी, ‘टुनाइट’मध्ये. नऊपैकी पाच गाणी आधी कुणी ना कुणी गाऊन झालेली. तुम्ही म्हणाल, ‘लेट्स डान्स’मधलं ‘चायना गर्ल’सुद्धा जुनंच होतं की! बरोबर. पण तिथे जुन्या गाण्याला नवं अंग फुटलंय. इथे उलट झालं. ‘टुनाइट’ हे गाणं बोवीनं इगी पॉपबरोबर १९७७ मध्ये केलेलं. तिथे सुरुवातीलाच नशेनं मरणाऱ्या मैत्रिणीचा उल्लेख येतो, आणि पुढचा प्रत्येक दिलासा त्या मरणाशेजारी बसून दिलेला असतो. १९८४ मध्ये टीना टर्नरबरोबर गाताना बोवीनं ती सुरुवातच गाळली. कारण काहीही असो, उरलं ते एक गोड प्रेमगीत. आणि ही रेकॉर्डही ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली.

म्हणजे खप दोन्हींचा, पण निकाल वेगवेगळा.

आता शेवट. ८ जानेवारी २०१६ ला ‘ब्लॅकस्टार’ आली. जॅझ वादकांना घेऊन केलेली, ऐकायला अजिबात सोपी नसलेली. दोन दिवसांनी बोवी गेला. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला त्याचा पहिला अल्बम तो हाच. कुणी म्हणेल, मृत्यूमुळे खपला. असेलही. पण मग खप हा पुरावाच नव्हे, कलावंताच्या बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही.

तेव्हा घरी गेल्यावर ‘टुनाइट’ची दोन्ही रूपं लागोपाठ ऐका. किती खपलं ते विचारू नका. काय गाळलं, ते विचारा.