किंग हेन्रीज रोडवरील घर : स्मृती आणि रचना

लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले. संग्रहालयास परवानगी मात्र २०२० मध्ये मिळाली. या स्मारकाची चर्चा बहुधा व्यक्तीपुरती राहते, वास्तू उपेक्षितच. व्हिक्टोरियाकालीन विटांच्या, भिंतीस भिंत लागून उभ्या असलेल्या घरांची दर्शनी बाजू समानतेचा आभास निर्माण करते. अंतर्रचना मात्र उतरंडीची : तळघरात स्वयंपाकघर व नोकर, मधल्या मजल्यांवर मालक, छपराखाली पुन्हा नोकरांच्याच खोल्या. पुढे अशी अनेक घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने दिली गेली. विषमतेविरुद्ध झगडलेल्या पुरुषाच्या या स्मारकात अभ्यासकाने मजल्यांचा हा अर्थही वाचावयास हवा. एरव्ही घर केवळ पत्ताच ठरेल.