‘पाहा, ऐका, जोडा’ : पण कुणाशी जोडायचं?

पीएच.डी.च्या प्रस्तावात ‘आपत्तीनंतरचा मानसिक आधार’ असं लिहिलं की पुढचा संदर्भ ठरलेला: जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली दोन संस्थांबरोबर काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका. माझ्याही पहिल्या मसुद्यात ती होतीच.

पुस्तिका वाईट नाही. त्याआधी एक पद्धत रूढ होती: घटनेनंतर लगेच माणसांना बसवायचं आणि काय झालं ते सविस्तर बोलायला लावायचं, म्हणजे म्हणे मन मोकळं होतं. चाचण्यांत अशा एकाच बैठकीचा फायदा दिसला नाही. काहींचा त्रास तर वाढला. पुस्तिका सांगते, कुणाला बळेच बोलतं करू नका. पाहा, ऐका, जोडा. कोण एकटं पडलंय, कुणाला आपलं माणूस शोधायचंय, ते बघा आणि मदतीपर्यंत पोचवा.

माझी गाडी ‘जोडा’पाशी अडते. मी सदरला राहतो; झिरो माइलजवळचं गोवारी स्मारक इथून फार लांब नाही. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन, अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी विधानभवनावर निघालेला गोवारींचा मोर्चा, पोलिसांनी अडवलेला, मग चेंगराचेंगरी. ११४ जीव गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त. दाणी आयोगानं कुणालाच दोषी धरलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, नुसतं ‘गोवारी’ नाही, हा सगळा वाद.

आता सांगा, त्या गर्दीत जिचं लेकरू गेलं तिला कुणाशी जोडायचं? पुस्तिकेतली यंत्रणा मुख्यतः मदत पोचवणारी. इथे तर गाऱ्हाणंच यंत्रणेबद्दल होतं.

अर्थात पुस्तिका सुरुवातीच्या दिवसांसाठी आहे, आणि प्रथमोपचार या नावातच ते आलं. तिला तीस वर्षांच्या दुःखावर ताणणारे आपण. दर २३ नोव्हेंबरला लोक स्मारकावर येतात. प्रश्नावलीत ‘दुःखाशी जुळवून घेण्याचा विधी’ असा रकाना करून खूण मारता येते. मीही तसा केला होता. पण फुलं वाहून झाली की मागणी तीच होते, १९९४ ची. जुळवून कुठे घेतलंय?

तो रकाना मी काढला आणि दोन साधे प्रश्न टाकले. तुमचं माणूस कशानं गेलं, हे तुम्हाला कोणी आणि काय सांगितलं? ते पटलं का?

गाईड म्हणाले, हे मानसशास्त्र की कोर्टकचेरी? प्रश्न चुकीचा नाही. पुढच्या बैठकीत त्यावरच बोलायचंय.