पोटहिश्शाची नोंद : 'आरएफसी २३१७' या दस्तऐवजाची चिकित्सा

प्रास्ताविक

तांत्रिक दस्तऐवजांची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ नाही. साहित्यकृती, कायदे, शैक्षणिक धोरणे यांची चिकित्सा होते. परंतु ज्या लेखी संकेतांवर संगणकजाळ्याचा रोजचा व्यवहार चालतो ते संकेत केवळ पाळले जातात, वाचले जात नाहीत. वस्तुतः अशा संकेतांतही अधिकारांची वाटणी असते, कोणाच्या तरी सोयीला अग्रक्रम दिलेला असतो आणि कोणाला तरी परावलंबी ठेवलेले असते. या दृष्टीने मार्च १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आरएफसी २३१७' या लहानशा दस्तऐवजाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विषयाचे व्यावहारिक महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखादे महाविद्यालय इंटरनेट सेवादात्याकडून सोळा आयपी पत्त्यांचा लहान गट घेते आणि स्वतःचा टपाल-सर्व्हर उभारते. काही पत्रे पोहोचतात, काही परत येतात. परतीच्या संदेशात पाठवणाऱ्या यंत्राचे नाव सापडत नसल्याची तक्रार असते. प्रशासक तपासून पाहतो. नावावरून पत्ता बरोबर निघतो. निघत नाही ते पत्त्यावरून नाव. ही उणीव महाविद्यालयाला आपल्या आवारात बसून दूर करता येत नाही. ती का करता येत नाही, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञाच्या कौशल्यात नसून नामव्यवस्थेच्या रचनेत आहे.

मूळ रचना आणि तिची भेग

डोमेन नेम सिस्टिमची आखणी पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि नोव्हेंबर १९८७ च्या आरएफसी १०३४ व १०३५ या दस्तऐवजांनी तिला आजवर टिकलेले रूप दिले. या व्यवस्थेत नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. उजवीकडे सर्वांत व्यापक घटक, डावीकडे विशिष्ट यंत्र. आयपी पत्त्याचा क्रम नेमका उलट असतो. त्यामुळे पत्त्यावरून नाव शोधताना पत्त्याचे चार अंक उलटे मांडून त्यापुढे 'इन-ॲडर.आर्पा' हे शेपूट जोडतात. १९२.०.२.१३० या पत्त्याचे नाव हवे असेल तर १३०.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा या जागी असलेली 'पीटीआर' नोंद विचारली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नामव्यवस्थेत अधिकार दुसऱ्याच्या हाती सोपवता येतो तो फक्त टिंबाच्या ठिकाणी, आणि पत्त्यातले टिंब दर आठ बिटांनंतर येते. म्हणून उलट नोंदींचा अधिकार १,६७,७७,२१६ पत्त्यांच्या, ६५,५३६ पत्त्यांच्या किंवा २५६ पत्त्यांच्या गठ्ठ्यानेच देता येत होता. पत्त्यांचे अ, ब आणि क असे वर्ग अस्तित्वात होते तोवर यात काही विसंगती नव्हती, कारण पत्तेही त्याच गठ्ठ्यांनी वाटले जात.

सप्टेंबर १९९३ मध्ये वर्गविरहित वाटपाची पद्धत प्रमाणित झाली आणि पत्त्यांचा प्रदेश कोणत्याही बिटापाशी कापता येऊ लागला. १२८, ६४, १६, ८ अशा पत्त्यांचे गट देता येऊ लागले. मार्ग ठरवणाऱ्या राउटरांनी ही नवी कापणी स्वीकारली. नावांच्या वृक्षात मात्र त्या ठिकाणी टिंबच नव्हते. जमीन विभागली गेली, पण दप्तरात पोटहिश्शासाठी स्वतंत्र पान उघडण्याची सोय राहिली नाही, असे या स्थितीचे वर्णन करता येईल.

दस्तऐवजाचे म्हणणे

होवार्ड आयडनेस, गीर्ट यान द ग्रूट आणि पॉल विक्सी या तीन लेखकांनी या भेगेवर सुचवलेला उपाय थोडक्यात असा. १९२.०.२ या २५६ पत्त्यांच्या गठ्ठ्याचे तीन वाटे झाले आहेत असे समजू : ० ते १२७ हा पहिला, १२८ ते १९१ हा दुसरा आणि १९२ ते २५५ हा तिसरा. गठ्ठ्याचा मूळ धारक, म्हणजे बहुधा सेवादाता, आपल्या झोनमध्ये तीन नवी नावे निर्माण करतो : '०/२५', '१२८/२६' आणि '१९२/२६'. तिरप्या रेषेच्या डावीकडे वाट्याचा पहिला पत्ता, उजवीकडे पत्त्याच्या किती बिटा ठरलेल्या आहेत तो आकडा. ही नावे म्हणजे नवे झोन होत आणि ते 'एनएस' नोंदींद्वारे त्या त्या संस्थेच्या सर्व्हरकडे सोपवले जातात.

त्यानंतर मूळ धारक प्रत्येक पत्त्यासाठी एक 'सीनेम' नोंद लिहितो. सीनेम म्हणजे 'या नावाचे खरे नाव पलीकडे आहे' असे सांगणारी पाटी. १३० या पत्त्यासंबंधी कोणी विचारणा केली की ही पाटी त्याला १३०.१२८/२६.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा या जागी पाठवते आणि तेथील पीटीआर नोंद दुसऱ्या वाट्याच्या धारकाने स्वतः लिहिलेली असते. सेवादात्याने पाट्या एकदा लावल्या की संस्थेला आपल्या यंत्रांची नावे वाटेल तेव्हा बदलता येतात.

'१२८/२६' हे रूप सातबारा हाताळलेल्या मराठी वाचकाला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांची आठवण करून देईल. हे साम्य वरवरचे नाही. मोठ्या क्रमांकाच्या पोटात लहान क्रमांकाला ओळख देण्याची ही तीच जुनी युक्ती आहे.

गुणविशेष

या उपायाचा पहिला गुण संयम हा आहे. त्याने नवी नोंद, नवा प्रश्नप्रकार किंवा नवे सॉफ्टवेअर मागितले नाही. एनएस, सीनेम आणि पीटीआर या तिन्ही नोंदी १९८७ पासून उपलब्ध होत्या. लेखकांनी केवळ त्यांची नवी जुळणी केली. हा गुण किती मोलाचा होता हे पुढील घटनाक्रमावरून दिसते. ऑगस्ट १९९९ च्या आरएफसी २६७३ ने कोणत्याही बिटापाशी अधिकार सोपवता यावा म्हणून नावातच बिटांची मालिका लिहिण्याचा नवा प्रकार सुचवला. तत्त्वतः तो अधिक शुद्ध होता. तथापि जुन्या सर्व्हरांना तो समजत नव्हता आणि ऑगस्ट २००२ मध्ये त्याला प्रायोगिक दर्जावर उतरवण्यात आले. शुद्ध उपाय मागे पडला आणि जोडकाम टिकले.

दुसरा गुण प्रांजळपणाचा. तिरप्या रेषेचे चिन्ह काही ठिकाणी अडचणीचे ठरेल हे लेखक स्वतःच सांगतात आणि आपली उदाहरणे जशीच्या तशी न उतरवता आडव्या जोडरेषेसारखे सौम्य चिन्ह वापरावे असे सुचवतात. पोटझोन उलट वृक्षातच असला पाहिजे असाही त्यांचा आग्रह नाही; पाटी संस्थेच्या स्वतःच्या डोमेनकडेही वळवता येते.

मर्यादा

दस्तऐवजाच्या प्रारंभी दिलेला हेतू लक्षपूर्वक वाचला पाहिजे. लहान संस्थेला २५६ पत्ते देणे ही उधळपट्टी आहे. परंतु कमी पत्ते दिल्यास तिला उलट नोंदी स्वतंत्रपणे सांभाळता येत नाहीत, हा लहान वाटपावरचा मुख्य आक्षेप. तो आक्षेप या उपायाने दूर होतो, असा युक्तिवादाचा क्रम आहे. म्हणजे साध्य आहे ती पत्त्यांची काटकसर. लहान धारकाची स्वायत्तता हे त्या काटकसरीचे साधन आहे. हा क्रम उलटा असता तर कदाचित सेवादात्यावर काही कर्तव्य नमूद झाले असते. ते झालेले नाही. मूळ धारकाने पाट्या लावाव्यात कशा हे सविस्तर सांगितले आहे. त्याने त्या लावल्याच नाहीत तर काय, याविषयी मौन आहे.

या मौनाचा परिणाम दस्तऐवजाच्या सुरक्षाविषयक भागातील एका वाक्यात उमटला आहे. तेथे लेखक मान्य करतात की पूर्ण गठ्ठा असणाऱ्या संस्थेच्या तुलनेत लहान धारकाला आणखी एका संस्थेच्या नामसेवेवर विसंबून राहावे लागेल. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण दस्तऐवजातील सर्वांत महत्त्वाचे विधान हेच आहे आणि त्याला मिळालेली जागा मात्र सर्वांत अपुरी आहे. संस्थेचा सर्व्हर अहोरात्र चालू असो, नोंदी अचूक असोत; सेवादात्याच्या झोनमधील पाट्या पुसल्या गेल्या की जगाच्या दृष्टीने ती यंत्रे निनावी होतात. नोंदींवर डिजिटल स्वाक्षरी करावयाची झाल्यास तेथेही हेच अवलंबित्व आड येते, कारण पहिली पाटी सेवादात्याच्या झोनमध्ये असते. सातबाऱ्याशी असलेले साम्य येथे संपते. पोटहिश्शाची नोंद सरकारी दप्तरात असते; येथे ती मोठ्या वाटेकऱ्याच्या घरच्या वहीत असते.

अवलंबित्व नीट न उमगल्यामुळे होणारी एक चूक येथे नोंदवणे उपयुक्त ठरेल. पाट्यांची वाट न पाहता काही प्रशासक आपल्या सर्व्हरवर २.०.१९२.इन-ॲडर.आर्पा हा संपूर्ण गठ्ठ्याचा झोनच उभा करतात आणि त्यात आपल्या सोळा नोंदी लिहितात. आवारातून तपासल्यावर सर्व काही योग्य दिसते. बाहेरच्या जगाला त्यातले काहीच दिसत नाही, कारण वरून कोणी त्या सर्व्हरकडे बोट दाखवलेले नसते. इतकेच नव्हे, तर त्याच गठ्ठ्यातील शेजाऱ्यांच्या उर्वरित २४० पत्त्यांची नावे आवारातील वापरकर्त्यांपुरती नाहीशी होतात. हा अनधिकृत फेरफार फक्त स्वतःच्या घरात चालतो.

आणखी एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. पीटीआर नोंदीला एवढे महत्त्व द्यावेच का? पत्त्यांचा धारक तीत कोणतेही नाव लिहू शकतो, त्यामुळे एकट्या नोंदीने काहीच सिद्ध होत नाही. पुढची आणि उलटी नोंद वेगवेगळ्या झोनमध्ये असल्याने त्यांच्यात विसंगती राहू शकते, हे आरएफसी १०३५ मध्येच सांगितलेले आहे. आक्षेप रास्त आहे. परंतु व्यवहार निराळ्या दिशेने गेला. टपाल स्वीकारणारे सर्व्हर पत्त्यावरून नाव आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता निघतो का हे पाहू लागले. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या वैयक्तिक खात्यांकडे पत्रे पाठवणाऱ्या सर्वांसाठी दोन्ही दिशांच्या वैध नोंदी आवश्यक ठरवल्या. जी नोंद १९९८ मध्ये सोय होती, ती आता परवाना झाली आहे. साहजिकच तिच्यावरील परावलंबनाची किंमतही वाढली आहे.

पुढील पिढीच्या आयपी आवृत्ती ६ मध्ये ही अडचण बरीचशी टळली आहे. तेथे टिंब दर चार बिटांनंतर येते आणि संस्थांना मिळणारे गट सामान्यतः चारच्या पटीत कापले जातात. मात्र ३ फेब्रुवारी २०११ रोजी आवृत्ती ४ च्या पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला. त्यानंतर लहान गट हा अपवाद न राहता नियम बनला आहे आणि आरएफसी २३१७ ची गरज कमी होण्याऐवजी टिकून राहिली आहे.

निष्कर्ष

आरएफसी २३१७ हा तंत्रदृष्ट्या यशस्वी, लेखनदृष्ट्या प्रामाणिक, परंतु अधिकाराच्या प्रश्नावर अपुरा दस्तऐवज आहे. लहान धारकाला स्वतःचे नाव लिहिण्याची सोय त्याने दिली, तो अधिकार दिला नाही. सोय आणि अधिकार यांतील हे अंतर कोणतीही नोंद भरून काढू शकत नाही; ते कराराने भरून काढावे लागते. म्हणून पत्त्यांचा लहान गट घेताना महाविद्यालयांनी तीन बाबी लेखी मागून घ्याव्यात : उलट नोंदी सेवादाता स्वतः लिहिणार की पाट्या लावून अधिकार सोपवणार, सोपवणार असल्यास पोटझोनचे नाव अक्षरशः काय असेल, कारण त्यातील एका चिन्हाच्या फरकानेही शोध फसतो, आणि बदलाची विनंती किती दिवसांत पूर्ण होईल. दोन-चार यंत्रेच असतील तर नोंदी सेवादात्याकडे राहू देणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण अवलंबित्व तसेही टळत नाही आणि निदान बिघडण्याची एक जागा कमी होते.

हे प्रश्न करारापूर्वी विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. दस्तऐवज वाचण्याची सवय लागते, आणि ती सवय लावणे हे तर महाविद्यालयांचेच काम आहे.