न वाचता येणारे अक्षर : झरीना यांची मुद्राचित्रे

शब्दाला प्रतिमा मानणाऱ्या कलेविषयी लिहिताना आपली समीक्षा एक सिद्धान्त सहजपणे गृहीत धरते : शब्द अर्थाच्या बंधनातून सुटला, की तो निखळ आकार म्हणून दिसू लागतो. झरीना हाश्मी (१९३७–२०२०) यांच्या मुद्राचित्रांना हे गृहीतक लावले, तर त्यांचा गाभाच हातून निसटतो.

‘होम इज अ फॉरिन प्लेस’ (१९९९) या संपुटात लाकडी ठशांवरून छापलेली ३६ चित्रे असून त्याच्या केवळ २५ प्रती काढण्यात आल्या. त्याची निर्मितिप्रक्रिया लक्षणीय आहे. झरीना यांनी आधी उर्दू शब्दांची यादी केली, पाकिस्तानातील एका सुलेखनकाराकडून ते शब्द नस्तालिक वळणात लिहवून घेतले आणि त्यानंतर चित्रे घडवली. ‘घर’ या शब्दासोबत अलीगढच्या त्यांच्या घराचा आराखडा येतो. येथे शब्द हा चित्राचा मथळा नसून त्याचे कारण आहे.

मराठी वाचक या संपुटासमोर एका चमत्कारिक स्थितीत उभा राहतो. ‘घर’, ‘दरवाजा’ हे शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यातले. कोणी उच्चारले तर कान ते तत्काळ ओळखतील. डोळा मात्र लिपीच्या उंबरठ्यावर अडतो आणि इंग्रजी शीर्षकाचा आधार शोधतो. म्हणजे आपल्याला जो ‘निखळ आकार’ दिसतो, ती अर्थापासून मिळालेली मुक्ती नसते, तर आपले वंचितपण असते. त्याला इतिहास आहे. फाळणीनंतर काही वर्षांनी झरीना यांचे कुटुंब पाकिस्तानात गेले. भारतात उर्दू वाचणारे कमी होत गेल्याची खंत त्यांना होती.

‘लेटर्स फ्रॉम होम’ (२००४) या आठ चित्रांच्या संपुटात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बहीण रानी यांनी लिहिलेली, पण टपालात न टाकलेली पत्रे येथे छापली आहेत आणि त्यांवर नकाशे व घरांचे आराखडे उमटवले आहेत. एकाच व्यक्तीसाठी लिहिलेला मजकूर २० प्रतींत परक्यांच्या भिंतींवर जातो. खाजगी शोकाचे हे सुशोभन नव्हे काय, असा आक्षेप येथे संभवतो आणि तो सर्वस्वी निराधार नाही. रेषेची नजाकत एवढीच दाद देणारा रसिक तो खराच ठरवतो. परंतु वर छापलेल्या रेषा उर्दू जाणणाऱ्याच्याही वाचनात अडथळा आणतात. पत्र सर्वांसमोर ठेवले जाते, पण कोणाच्याही पूर्णपणे हाती दिले जात नाही.

म्हणूनच अशा कृतीपुढे समीक्षकाचे पहिले कर्तव्य अगदी साधे आहे : आकाराविषयी बोलण्यापूर्वी तो शब्द वाचावा, वाचता येत नसेल, तर कोणाकडून तरी वाचून घ्यावा.