बिनतारी टेबल

'बिनव्याजी', 'बिनशर्त', 'बिनखर्ची' असले शब्द ऐकले की आम्हा मध्यमवर्गीयांच्या तोंडाला पाणी सुटतं. 'बिन' पुढे लागलं, की काहीतरी फुकटात पदरात पडणार अशी आमची समजूत. बँकेत वीस वर्षं काढल्यावर मला एवढं कळलंय, की 'बिन' म्हणून जे वगळलेलं असतं, ते पान उलटल्यावर बारीक टायपात सापडतं. सध्या या घराण्यात नवी सून आलीय: बिनतारी टेबल. वर मोबाइल नुसता ठेवायचा, तो आपोआप चार्ज होतो.

शास्त्र जुनंच आहे. एका वेटोळ्यातली वीज सारखी बदलत ठेवली, की शेजारच्या वेटोळ्यात वीज उभी राहते, हे फॅरेडेसाहेबांनी १८३१ सालीच दाखवलं. इथे एक वेटोळं टेबलात, दुसरं फोनच्या पाठीत. २०१० साली कंपन्यांनी मिळून त्याचं एक प्रमाण ठरवलं, त्याचं नाव 'ची'. चिनी भाषेत 'ची' म्हणजे प्राणशक्ती. मराठीत मात्र तो षष्ठीचा प्रत्यय आहे, म्हणजे ही शक्ती टेबलाची की फोनची, हा घोळ नावापासूनच!

आमच्या शाखेचं नूतनीकरण झालं. म्हणजे भिंतींचा रंग बदलला, रांग तीच राहिली. त्यात मॅनेजरसाहेबांना असं टेबल आलं. फळीवर एक बारीक गोल खूण. साहेबांनी मुहूर्ताने तिच्यावर फोन ठेवला. फोन ढिम्म! कारण शिपाईमामांनी शिरस्त्याप्रमाणे टेबलावर जाड काच आधीच चढवली होती, आणि काचेखाली सुट्ट्यांची यादी, हेड ऑफिसचे नंबर आणि गजानन महाराज. ही वीज जेमतेम काही मिलिमीटर चालते. ती काचेखालीच थबकली.

"काच काढा," साहेब म्हणाले.

"मग सुट्ट्या कुठं ठेवू, साहेब?" मामांनी विचारलं.

अखेर सुट्ट्या भिंतीवर गेल्या, महाराज सन्मानाने तिजोरीवर विराजमान झाले आणि चार्जिंग सुरू झालं. पण फोन खुणेवर नेमका बसला तरच हं! बोटभर सरकला की सत्याग्रह. त्यामुळे ताम्हनात शाळिग्राम ठेवावा तसा साहेब तो दोन्ही हातांनी ठेवतात. फोन वाजला की खरी पंचाईत. उचलून कानाला लावला की चार्जिंग बंद. मग साहेब टेबलावर ओणवे होऊन बोलतात. परवा एक पेन्शनर आजोबा केबिनमध्ये डोकावून तसेच मागे फिरले. म्हणाले, "थांबतो मी. साहेबांची पूजा चाललीय."

माझी पहिली तक्रार हीच. काउंटरवरच्या पेनाला आम्ही दोरी बांधतो म्हणून लोक बँकेला नावं ठेवतात. पण ती दोरी हातभर तरी असते हो, सही होते! तारेला लावलेला फोनही तारेच्या लांबीइतका फिरत होता. बिनतारी टेबलात दोरी दिसत नाही आणि तिची लांबी शून्य. बरं, तार गेली म्हणावं तर तीही नाही. टेबलाखाली वाकून पाहा, काळी जाडजूड तार थेट प्लगपर्यंत गेलेली दिसेल. फोनच्या नावची तार टेबलाच्या नावे टाकली, एवढंच. आम्ही याला जर्नल एंट्री म्हणतो. शिवाय वाटेत थोडी वीज गळून तिची उष्णता होते, ती साहेबांच्या फोनला हात लावला की कळते.

दुसरी तक्रार कॉमर्सवाल्याची आहे. आयकराच्या १९६२ च्या नियमांत फर्निचरला घसारा १० टक्के आणि संगणकाला २०१७ पासून ४० टक्के. मोबाइल कुठल्या रकान्यात बसवायचा ते सी.ए. मंडळींनी भांडून ठरवावं. पण लाकूड हळू म्हातारं होतं आणि यंत्र भराभर, हे सरकारलाही मान्य आहे. या दोघांचं लग्न लावलं तर दोन-चार वर्षांत टेबल विधुर! स्टारबक्सने २०१४ साली सॅन फ्रान्सिस्कोकडच्या आपल्या दुकानांतल्या टेबलांत पॉवरमॅट कंपनीच्या चकत्या बसवायला घेतल्या. त्या 'ची'च्या गोत्रातल्या नव्हत्या. ज्या फोनना त्या जुळत नव्हत्या त्यांच्यासाठी एक कडं असे. ते आधी फोनच्या भोकात खुपसायचं, म्हणजे बिनतारी व्हायला पहिल्यांदा प्लग लावा! २०१७ साली आयफोनने 'ची' पत्करली आणि जानेवारी २०१८ मध्ये पॉवरमॅटही त्याच मांडवात येऊन बसली. कंपनीला पक्ष बदलायला एक पत्रक पुरतं. फळीत पुरलेल्या चकतीचं काय करायचं, ते टेबलवाल्याने बघायचं. पुढे २०२३ साली 'ची'ची दुसरी आवृत्ती निघाली. फोन आपणहून जागेवर बसावा म्हणून तिच्यात चुंबक घातले. आमच्या साहेबांचं टेबल पहिल्या आवृत्तीचं.

जमेची बाजूही मांडतो, नाहीतर ताळेबंद जुळायचा नाही. सारखी पिन घालून-काढून फोनचं भोक सैल होतं, ते इथे वाचतं. आलेल्या पाहुण्याला "तुमची पिन जाड की बारीक?" असं विचारावं लागत नाही. तेव्हा चकती हवी तर जरूर घ्या, पण टेबलावर ठेवा, टेबलात पुरू नका. आयकियाने २०२१ साली फळीच्या खालून चिकटवायची चकती काढली. ती ८ ते २२ मिलिमीटर जाडीच्या फळीतून चालते. हा त्यातल्या त्यात शहाणपणा, कारण चकती गेली तरी टेबल मागे राहतं.

लोखंडी टेबलावर मात्र ती चालत नाही. आम्हा क्लार्क मंडळींची टेबलं सगळी लोखंडी आहेत. तेव्हा ही प्रगती आमच्यापर्यंत पोचायला अवकाश आहे. तोवर डेड स्टॉक रजिस्टरात साहेबांच्या टेबलापुढे 'फर्निचर' लिहावं की 'विजेचं सामान', एवढंच मला हेड ऑफिसने कळवावं.